राखणीचं तयार किट: रोट जमतो, चिठ्ठी फसते

दक्षिण कोकणात आणि गोव्यात बागेच्या, वाडीच्या किंवा गावसीमेवरच्या राखणदार देवाला जे ठरलेलं देणं देतात, ती राखण. आता ती खोक्यातही मिळते. ऑनलाइन मागवता येणाऱ्या अशाच एका किटबद्दल हे चार शब्द. किंमत ७५० रुपये. आत एक नारळ, पाव किलो रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड भाकरीचं पीठ, पाच विड्याची पानं, दोन सुपाऱ्या, पिंजर (कुंकू), कापूर, अगरबत्ती, ओढायच्या पाच विड्या, लाल कापड, मातीची पणती, बोटभर लांबीच्या रेक्झिनच्या वहाणा, गुलाबपाण्याची बाटली आणि एक छापील चिठ्ठी.

आधी बरं ते. पीठ उकड्या तांदळाचं, थोडं जाडसर, वासाला ताजं. रोटाला असंच लागतं. मात्र 'पाण्यात मळा' एवढीच सूचना आहे, आणि तिथेच रोट बिघडतो. थंड पाण्यात मळलेलं तांदळाचं पीठ थापताना कडेने फुटतं. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी उकळून त्यात पीठ घालावं, झाकण ठेवून वाफ आणावी आणि हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळावं. रोट बोटभर जाड थापून केळीच्या पानात गुंडाळावा आणि मंद निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी सावकाश भाजावा. जाळ मोठा ठेवला तर पान करपतं, वरून रंग येतो आणि आत पीठ कच्चं राहतं. पाव किलोत दोन मध्यम रोट होतात, घरच्या राखणीला पुरेसे.

नारळ भरलेला, पण सोलून पार गुळगुळीत केलेला. देवाला शेंडीचा नारळ लागतो हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं. शिवाय प्लास्टिकमध्ये घट्ट बांधल्यामुळे डोळ्यांपाशी बुरशी धरते. तो गावातच घ्यावा. पानंही तशीच, तिसऱ्या दिवशी काळी पडतात.

वहाणांचं काय करायचं, हा प्रश्नच आहे. वेतोबा या गावराखण्या देवाला चामड्याच्या, पायात घालता येतील अशा वहाणा देतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. खेळण्यातल्या जोडीला तिथे अर्थ नाही, आणि प्रत्येक राखणदाराला वहाणा लागतात असंही नाही. गुलाबपाणी तर निव्वळ पळवाट. काही जागी दारू देतात, काही जागी ती अजिबात चालत नाही. चालत असेल तिथे खोबऱ्याच्या करवंटीत थोडी ठेवतात. गुलाबपाणी मागितल्याचं मात्र कुठे ऐकिवात नाही.

कापूर, अगरबत्ती आणि पेटती विडी जपून. मार्च ते मे काजूच्या बागांत वाळलेला पाला घोट्यापर्यंत असतो. दोन हात जागा झाडून, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून मगच पेटवावं, आणि विझल्याशिवाय हलू नये. पणती घरंगळू नये म्हणून खाली जांभ्या दगडाचा सपाट चिरा ठेवावा. मेणबत्ती नकोच. जांभा सच्छिद्र, मेण आत मुरलं की निघत नाही. लाल कापड नायलॉनचं आहे. ते झाडाला बांधू नये, पावसाळ्यानंतर सालीत रुततं.

खरी गडबड चिठ्ठीत आहे. एक संस्कृत श्लोक, खाली 'मनातली इच्छा तीनदा बोला, २१ दिवसांत फळ'. राखणदाराशी बोलणं गाऱ्हाण्यातून, म्हणजे मोठ्याने घातलेल्या साकड्यातून होतं, तेही तिथल्या बोलीत: 'बा देवा म्हाराजा, आज जो काय तुझो नारळ-विडो ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, लेकराबाळांची, गुराढोरांची राखण कर.' बाकीचे म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' यातला क्रम महत्त्वाचा. आधी रवळनाथ, सातेरी, जी ग्रामदेवता असेल तिला हाक, मग त्या जागेचा राखणदार, मग आपण कोण, कुठल्या घरातले, काय आणलं आणि शेवटी मागणं. जागा नवी असेल तर गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारून, गरज वाटल्यास देवाचा कौल (होकार) घेऊनच सुरुवात करावी. राखण कधी द्यायची, कोंबडा लागतो की नारळावर भागतं, हे त्यांनाच माहीत असतं. खोक्यावर मात्र 'कोणत्याही झाडाखाली, कोणत्याही दिवशी' असं ठळक छापलंय.

देवाला कबूल केलेलं, म्हणजे बोललेलं, पुढच्या वर्षीही द्यावं लागतं, याचा चिठ्ठीत उल्लेखच नाही. मुंबईहून वर्षाआड येणाऱ्याने दरवर्षीचा कोंबडा कबूल करण्यापेक्षा भावकीतल्या कुणाच्या हातून जाईल असा नारळ आणि विडा बोलावा.

देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, तर हे किट उघडूच नये. गोव्यातल्या सत्तरीतली निरंकाराची राय किंवा दोडामार्गातल्या बांबर्ड्याची राई घ्या: रानजायफळाची ती दलदल टिकली ती देवाच्या धाकाने. तिथलं वाळकं लाकूडही उचलत नाहीत, मग आपण मागे प्लास्टिकची सहा वेष्टनं ठेवून कसं चालेल? किटमधली मोजली तर बरोबर सहाच भरतात.

पाचपैकी दोन तारे, एक पिठाला, एक पणतीला. पीठ सुटं विकायला लागले तर पुन्हा घेण्यासारखं आहे.