स्वस्त शिकारी रायफलीचा नेम कसा पारखावा

कमी किमतीची बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी मागचा दांडा (बोल्ट) हाताने मागेपुढे करावा लागणारी रायफल, नेमाला कच्ची असणारच, हा जुना समज आता सोडून द्यायला हवा. रूगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस आणि मॉसबर्ग पेट्रियट या स्वस्त वर्गातल्या रायफली, आणि त्यांच्याहून एक पायरी वरची टिक्का टी3एक्स, यांची रचना शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर लक्षात येते की उत्पादकांनी काटकसर नळीत फारशी केलेली नाही. ती दस्त्यात (खांद्याला टेकणाऱ्या आणि नळीला खालून आधार देणाऱ्या भागात), मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत), बोल्टच्या घासकामात आणि सोबत बसवून दिलेल्या दुर्बिणीत केलेली आहे. त्यामुळे अशा रायफलीची परीक्षा घेताना नेम आणि घडण या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, कारण एकीत उत्तम गुण मिळवणारी रायफल दुसरीत जेमतेम उत्तीर्ण होऊ शकते.

नळी स्वस्तात चांगली कशी मिळते, याचे उत्तर कारखान्यात आहे. रूगर अमेरिकन 2012 च्या सुमारास आली, तिची नळी थंड घडाईने बनते: मळसूत्री खोबण्यांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा पोलादी नळीत घालून बाहेरून यांत्रिक हातोड्यांचे घाव घातले जातात आणि आतल्या खोबण्या एकाच प्रक्रियेत उमटतात. यंत्र महाग असते, पण एकदा बसवले की एकसारख्या नळ्या वेगाने तयार होतात. सॅव्हेज कंपनी खोबण्या उमटवण्यासाठी नळीतून कठीण धातूचे बटण ओढते. त्याहून महत्त्वाची आहे ती तिची 1958 सालच्या 110 मॉडेलपासून चालत आलेली नटाची पद्धत. नळी रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्यात) फिरवत न्यायची, काडतुसाच्या घराची खोली ठरावीक मापाच्या गेजशी अचूक जुळली की मोठा नट आवळून ती तिथेच पक्की करायची, इतके ते सोपे आहे. जे माप जुळवायला पूर्वी कसबी कारागिराचा वेळ जात असे, ते काम इथे नट करतो. शिवाय सॅव्हेजच्या बोल्टचे डोके किंचित मोकळे ठेवलेले असल्याने दोन्ही लग (बोल्ट जागी अडकवणारे उंचवटे) रिसीव्हरवर सारख्या दाबाने टेकतात. किंमत कमी करणारी रचनाच नेमालाही पोषक ठरावी, याचे इतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आता नेमाच्या मोजमापाकडे वळू, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. नेमबाज ज्याला एक मिनिट किंवा एक एमओए म्हणतात, ते कोनाचे माप (एका अंशाचा साठावा भाग) 100 मीटरवर सुमारे 29 मिलिमीटर भरते. टिक्का आपल्या रायफलींसाठी एक एमओएची हमी देते, वेदरबी कंपनी आपल्या व्हॅनगार्ड रायफलीसाठी साधारण तशीच हमी देते, आणि दोन्ही हम्या तीन गोळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे एकाच नेमबिंदूवर झाडलेल्या तीन गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्यावर, आहेत. तीन गोळ्यांचा ग्रुप रायफलीची खरी पसरण दाखवायला अपुरा असतो. गोळ्यांची पसरण नेहमीच्या सांख्यिकी नियमाने होते असे धरले, तर ज्या रायफलीच्या तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी 25 मिलिमीटर येते, तिचेच पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी 32 मिलिमीटरच्या आणि दहा गोळ्यांचे सुमारे 40 मिलिमीटरच्या घरात जातात. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या वाढल्या की टोकाला पडणारी एखादी गोळी सापडण्याची शक्यता वाढते, इतकेच. त्यात अनेक ग्रुपमधला सर्वांत लहान निवडून त्याचाच फोटो दाखवला, की साधारण रायफलही असामान्य वाटू लागते. म्हणून कोणी ‘अर्धा एमओए’ म्हटले तर किती गोळ्या, किती ग्रुप आणि कोणती काडतुसे, हे तीन प्रश्न मी आधी विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या आकड्याला किंमत देत नाही.

बारीक नळीच्या शिकारी रायफलीतून दहा गोळ्या सलग झाडणेही योग्य नाही, कारण तापलेल्या नळीचा मारा सरकू लागतो आणि मग आपण रायफलीचा नेम न मोजता तिची उष्णता मोजत बसतो. पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, मधे नळी हाताला गार लागेपर्यंत विश्रांती, आणि दोन्ही ग्रुप एकाच नेमबिंदूभोवती धरून काढलेली एकत्रित पसरण, ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. काडतुसे बदलून पाहणे अपरिहार्य आहे. स्वस्त रायफलीला एका वजनाची गोळी मानवते आणि दुसरी मुळीच मानवत नाही, असे वारंवार दिसते, आणि त्यामागे नळीतल्या खोबण्यांच्या पिळाचा वेग हे एक ठोस कारण असते. लांब, जड गोळीला जलद पीळ लागतो. 6.5 क्रीडमूर या काडतुसाच्या नळीत साधारणपणे आठ इंचांत एक फेरा असतो, तो त्या काडतुसाच्या लांब गोळ्यांसाठीच.

शिकारीला प्रत्यक्षात किती नेमकेपणा लागतो, हा विचार या आकड्यांच्या नादात मागे पडतो. मध्यम आकाराच्या हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग ढोबळमानाने 20 सेंटिमीटर व्यासाचा धरतात. दोन एमओएची रायफल 300 मीटरवर सुमारे साडेसतरा सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते, म्हणजे तिथे नेमबाजाच्या चुकीला जवळजवळ जागाच उरत नाही. 150 मीटरवर तीच रायफल पुरेशी ठरते. जनावराला यातना न होता मरण यावे ही जबाबदारी बंदूक हाती घेणाऱ्याची असते, म्हणून आपल्या रायफलीचे हे अंतर प्रामाणिकपणे ठरवणे मला सर्वांत आवश्यक वाटते. त्यासाठी थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी कुठे जाते हे वेगवेगळ्या दिवशी, एकाच कागदावर नोंदवावे. शिकारीत बहुधा तेवढीच एक गोळी मिळते.

घडणीत सर्वांत कमकुवत भाग दस्त्याचा. साच्यातून काढलेल्या पोकळ प्लास्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग बोटांनी दाबला तरी वाकतो. दुकानात एक साधी चाचणी करता येते: कागदाची पट्टी नळीखालून घालून दोन्ही टोके धरावीत आणि ती नळी व दस्ता यांच्यामधून रिसीव्हरपर्यंत सरकवत न्यावी. पट्टी अडली नाही, तर आता दस्त्याचा पुढचा भाग टेकूवर ठेवून वरून दाब द्यावा आणि पट्टी पुन्हा ओढावी. या वेळी ती अडकली, तर दोन पायांच्या टेकूवर किंवा रायफलीचा खांद्यावरचा पट्टा ताणून गोळी झाडताना दस्ता नळीला स्पर्श करणार आणि मारा हलणार, हे नक्की समजावे. रूगरने अमेरिकनच्या दस्त्यात धातूचे दोन ठोकळे बसवून रिसीव्हरला पक्की बैठक दिली आहे, आणि ती रायफल त्या प्लास्टिकच्या मानाने चांगली मारते त्याचे बरेचसे श्रेय मी या ठोकळ्यांना देतो. पुढचा भाग मात्र तिचाही मऊच आहे.

चापाच्या बाबतीत या वर्गाने खूप प्रगती केली आहे. सॅव्हेजच्या ॲक्यूट्रिगर या चापानंतर, ओढायला लागणारा जोर (वजन) ग्राहकाला स्वतः बदलता येईल असा चाप स्वस्त रायफलीतही अपेक्षित झाला. ॲक्सिसच्या मूळ आवृत्तीत तो नाही, दुसऱ्या आवृत्तीत आहे, आणि फरकाचे पैसे देण्यासारखे आहेत. मात्र साध्या चापाची स्प्रिंग घरी कापून तो हलका करणे धोक्याचे आहे. चाप कोणताही असो, रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट जोरात बंद करावा, सेफ्टी लावून चाप ओढावा, मग सेफ्टी काढावी. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर आतला खटका आपोआप सुटला, तर ती रायफल घेऊ नये.

बोल्ट खरखरत असेल तर ते वापराने बरेचसे सुधारते. मॅगझिनची सैल प्लास्टिक कडी सुधारत नाही. रायफलीसोबत जोडून मिळणाऱ्या दुर्बिणीवरही भिस्त ठेवू नये, कारण ढिले स्क्रू आणि हलके माउंट (दुर्बीण रायफलीवर धरणारी बैठक) यांच्यामुळे पसरलेल्या ग्रुपचा दोष बिचाऱ्या नळीवर येतो. रायफल परत करण्याआधी माउंट आणि दस्त्याचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळून पुन्हा गोळ्या झाडाव्यात.

या चौघींमध्ये निव्वळ नेमासाठी पैसे मोजायचे असतील, तर माझी पसंती रूगर अमेरिकनला आहे आणि दुर्बीण वेगळी घ्यावी असे मी म्हणेन. सॅव्हेज ॲक्सिस घेणाऱ्याने चांगल्या दस्त्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा. मॉसबर्ग पेट्रियटचा लाकडी दस्ता ज्यांना हवासा वाटतो, त्यांनी तो ओलाव्याने वळतो का याकडे लक्ष ठेवून कागदाची चाचणी ऋतू बदलल्यावरही करावी. ज्यांना दाट झाडीत झपाट्याने दुसरी गोळी भरावी लागते, त्यांनी मात्र थोडे थांबून टिक्काइतके पैसे साठवावेत, कारण तिच्या बोल्टची सुळसुळीत चाल स्वस्त वर्गातल्या एकाही रायफलीत मिळत नाही.