दफनभूमी समितीची सेवा : नोंदवहीला पूर्ण गुण, साफसफाईला जेमतेम

दफनभूमीची देखभाल करणाऱ्या समितीच्या सेवेबद्दल लिहायला बसले की पहिली अडचण अशी येते की, ही सेवा ज्यांच्यासाठी आहे ते तक्रार करीत नाहीत आणि ज्यांना तक्रार करता येईल ते वर्षातून एखाद्या वेळीच फिरकतात. त्यामुळे फाटकातून आत शिरताच गवत कापलेले दिसले की समिती चांगली आणि गुडघाभर वाढलेले दिसले की वाईट, असा निकाल उभ्या उभ्या लागतो. मीही तोच लावणार होते. मात्र अशाच एका स्थानिक समितीची सभासद आणि तिच्या आवारातील एका जुन्या कबरीची वारस म्हणून गेली दोन वर्षे जे पाहिले, त्यावरून माझे मत बदलले आहे. गवत हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. समितीची खरी पारख तिच्या नोंदवहीवरून आणि दगडाला हात लावण्यापूर्वी ती किती थांबते यावरून होते. समितीचे नाव येथे देत नाही, कारण उणिवाही लिहायच्या आहेत आणि काम करणारी सर्व माणसे बिनपगारी आहेत.

मला माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीची कबर शोधायची होती. हाताशी होते ते एक नाव, मृत्यूचे अदमासे वर्ष आणि 'भिंतीजवळ, मोठ्या झाडाखाली' ही घरात चालत आलेली खूण. भिंत अर्थातच चारही बाजूंना होती आणि मोठ्या झाडांची मोजदाद करण्यात अर्थ नव्हता. समितीचे कार्यालय म्हणजे फाटकालगतची एक खोली, आठवड्यातून एक दिवस, तेही दोनच तास उघडी. नोंदी सांभाळणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी माझ्यासमोर तीन गोष्टी मांडल्या : तारखेच्या क्रमाने लिहिलेली दफनांची नोंदवही, जागेच्या क्रमाने लिहिलेली प्लॉटची नोंदवही आणि हाताने काढलेला, अनेकदा दुरुस्त केलेला नकाशा. एकच माहिती तीनदा कशाला, हा माझ्या मनात आलेला प्रश्न त्यांनी मी न विचारताच सोडवला. कोण केव्हा पुरले गेले हे पहिली वही सांगते. एकाच कबरीत एकावर एक अशा किती शवपेट्या आहेत आणि त्या जागेचा हक्क कोणाकडे आहे हे दुसरी सांगते. आणि प्रत्यक्ष पाऊल कोठे टाकायचे हे नकाशा सांगतो. तिन्हींचा मेळ बसला तरच नोंद खरी मानायची, अशी त्यांची शिस्त आहे.

आजीच्या बहिणीचे नाव माहेरच्या आडनावाने सापडेना. 'सासरचे पाहू,' एवढेच म्हणून त्यांनी पाने उलटली आणि पंधरा मिनिटांत आम्ही त्या जागेवर उभे होतो. दगड पालथा पडलेला होता. पण शेऱ्याच्या रकान्यात तो पडल्याची तारीख आणि 'अक्षरे वाचता आली नाहीत' अशी स्पष्ट नोंद होती. एखादी गोष्ट कळली नाही हेही लिहून ठेवणारी वही मी फारशी पाहिलेली नाही. या एका बाबीसाठी समितीला पूर्ण गुण देताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

नोंदवहीचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. कोणत्याही जुन्या दफनभूमीत दगड असलेल्या कबरींपेक्षा दगड नसलेल्यांची संख्या मोठी असू शकते. ज्यांच्या कुटुंबाला दगड परवडला नाही ते, तान्ही मुले, बेवारस मृत्यू, यांचे नाव उरले असेल तर ते केवळ वहीत. कबरींची छायाचित्रे एकत्र करणारी 'फाइंड अ ग्रेव्ह'सारखी संकेतस्थळे दूर राहणाऱ्या नातलगांच्या फार उपयोगी पडतात; तरीही त्यांची भिस्त मुख्यतः दगडावर दिसणाऱ्या मजकुरावर असते. म्हणूनच या समितीबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रारही नोंदवहीचीच आहे. इतक्या निगुतीने लिहिलेल्या या वह्यांची प्रत्येकी एकच प्रत होती आणि ती ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटात होती. ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमेटरीज इन साउथ एशिया ही 1976 मध्ये स्थापन झालेली संस्था या बाबतीत पाहण्यासारखी आहे. दक्षिण आशियात विखुरलेली प्रत्येक जुनी युरोपीय दफनभूमी दुरुस्त करणे कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातले नसल्यामुळे तिने दुरुस्तीच्या जोडीने शिलालेख आणि कागदपत्रे टिपून ठेवण्यावर भर दिला आणि तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत ठेवला. दगड वाचवता आला नाही तरी मजकूर वाचवता येतो, हा हिशेब माझ्या समितीच्या ध्यानात फार उशिरा आला.

आता साफसफाई. येथे मात्र मला कठोर लिहावे लागणार आहे.

मी सभासद झाले त्याच वर्षी समितीने श्रमदान ठेवले होते. उत्साह दांडगा होता, माणसेही पुष्कळ आली आणि त्यांच्याबरोबर तारेचे ब्रश व फरशी धुण्याचे अ‍ॅसिडही आले. संगमरवराच्या एका संपूर्ण ओळीवर हा प्रयोग झाला. दुपारपर्यंत दगड पांढरेशुभ्र दिसू लागले, छायाचित्रे झकास आली आणि सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड त्यावरचा मळ काढीत नाही, तर मळासकट दगडाचा वरचा थर विरघळवते. त्या दिवशी जे फेसाळत होते ते शेवाळ नव्हते, तो दगड होता. पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्या ओळीवरून बोट फिरवले तेव्हा पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत लागला आणि बारीक अक्षरांच्या कडा बोथटलेल्या होत्या. शेवाळ पुन्हा आलेच, आणि आधीपेक्षा दाट आले, कारण खरबरीत झालेल्या दगडात पाणी अधिक काळ टिकते.

दगडांची साफसफाई करणाऱ्या कोणत्याही समितीला सभासदाने काही साधे प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. कोणता दगड आहे हे आधी ओळखता का? ग्रॅनाइट पुष्कळ सोसतो, संगमरवर व चुनखडक अ‍ॅसिडपुढे टिकत नाहीत, आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. ब्लीचिंगचे पाणी वापरता का? त्यातले क्षार दगडात मुरतात, आत स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग आतून फोडतात. दाबाच्या पाण्याचा फवारा वापरता का? वापरीत असाल तर माझ्या कबरीपासून तो दूर ठेवा. योग्य रीत अगदी नीरस आहे : दगड आधी स्वच्छ पाण्याने भिजवायचा, मऊ ब्रशने खालून वर घासत जायचे, म्हणजे वरून ओघळणाऱ्या मळाचे डाग कोरड्या भागावर बसत नाहीत, आणि मध्येमध्ये भरपूर पाणी सोडायचे. जो दगड हाताला भुकटी देतो, ज्याचे पापुद्रे निघतात किंवा ज्यावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही. दगडफुलाचे गोल चट्टे पाहून पुष्कळ नातलग अस्वस्थ होतात. पण त्याच्या कित्येक जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, आणि ते ओरबाडून काढताना दगडाचे कण त्याच्याबरोबर निघून येतात. अक्षरे वाचण्यासाठी खडू किंवा दाढीचा फेस चोळण्याची युक्ती काही हौशी मंडळी वापरतात, तीही टाळावी. आरसा धरून कडेने तिरपा उजेड पाडला की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात आणि दगडाला स्पर्शही होत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीतही असाच घाईचा कारभार दिसला. तुटलेला जुना दगड सिमेंटने सांधला की तो पक्का बसल्यासारखा वाटतो; परंतु सिमेंट त्या मऊ दगडापेक्षा कठीण असल्यामुळे आणि ओल बाहेर पडू देत नसल्यामुळे पुढची चीर सांध्यात न पडता दगडात पडते. जुन्या दगडाला चुन्याचाच सांधा हवा. आतल्या लोखंडी पट्ट्यांचेही तसेच : लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला आतून तडकवते.

हे सगळे मी वार्षिक सभेत मांडले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले, अ‍ॅसिड बंद केले आणि तसा ठरावही केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्यांनी जाता जाता म्हटलेले एक वाक्य मात्र मला लागले. 'बाई, पांढरा दगड नातलगांनाच हवा असतो,' ते म्हणाले. त्यात तथ्य आहे. ठरावानंतरही एका कुटुंबाने स्वतः माणूस आणून आपला दगड घासून घेतला, आणि फाटकावर कोणी नसल्यामुळे समितीला ते नंतर कळले.

गवताबद्दल थोडक्यात : ते वेळेवर कापले जाते. मात्र दोरी फिरवून गवत कापणाऱ्या यंत्राने दगडाच्या पायथ्याशी ओरखडे पाडू नयेत. तेवढी पट्टी हाताने कापावी. कललेल्या दगडांच्या बाबतीत समिती सावध आहे. हाताने हलके ढकलून पाहते आणि धोकादायक असेल त्याच दगडाभोवती दोरी बांधते. सुरक्षेच्या नावाखाली ओळीच्या ओळी आडव्या करून मोकळी होत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

पैशाच्या बाजूकडे सभासदांचे फारसे लक्ष नसते, आणि सगळी दुखणी तेथूनच सुरू होतात. दफनभूमीला उत्पन्न मिळते ते मुख्यतः नवी जागा देताना. जागा संपली की उत्पन्न आटते आणि देखभाल मात्र तशीच चालू राहते. लंडनमधील हायगेट दफनभूमी 1839 मध्ये एका खासगी कंपनीने सुरू केली, पुढे याच गणितात ती कंपनी बुडाली, आणि आवार झाडाझुडपांनी गिळल्यावर 1975 मध्ये स्थापन झालेल्या मित्रमंडळाने ते हळूहळू सावरले. आज तेथे प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शकासह फेऱ्या यांतून देखभालीला हातभार लागतो, आणि सोडून दिलेल्या जुन्या कबरींचा रीतसर सूचना देऊन पुन्हा वापर करता यावा यासाठी 2022 मध्ये स्वतंत्र कायदाही संमत झाला. पॅरिसमधील, 1804 मध्ये उघडलेल्या पेर लाशेज दफनभूमीत जागेचा हक्क 10, 30 किंवा 50 वर्षांसाठी अथवा कायमचा घेता येतो. अमेरिकेत कायमस्वरूपी देखभाल निधीची पद्धत रुजली, म्हणजे जागेच्या रकमेतला एक हिस्सा गुंतवायचा आणि खर्च केवळ त्याच्या उत्पन्नातून करायचा. माझ्या समितीकडे यांपैकी काहीच नाही. तिचा जमाखर्च एका पानाचा, वाचता येण्याजोगा आणि तपासलेला असतो. पण आलेली देणगी त्याच वर्षी संपते आणि निधी नावाची ओळ त्या पानावर नाही.

काही सभासद दरवर्षी उठून विचारतात की युद्धदफनभूमी इतक्या नेटक्या असतात, मग आपली का नाही. ही तुलना मला अन्यायाची वाटते. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना 1917 मध्ये, तेव्हा इम्पिरिअल वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने, झाली. तिच्याकडे सुमारे 17 लाख मृतांच्या स्मृतीची जबाबदारी आहे आणि सहा देशांची सरकारे आपापल्या कबरींच्या प्रमाणात तिचा खर्च उचलतात. तिचे दगड एकाच मापाचे, 813 मिलिमीटर उंचीचे असतात, आणि कुटुंबाला खाली स्वतःचा मजकूर कोरून घेण्यासाठी 66 अक्षरांची मर्यादा असे. अक्षरे झिजली तर तसाच नवा दगड बसवता येतो. स्थानिक दफनभूमीत प्रत्येक दगड वेगळ्या हाताने, वेगळ्या दगडात, वेगळ्या ऐपतीने घडवलेला असतो. तो बदलला की संपला. तेथे नेटकेपणापेक्षा संयम अधिक उपयोगी पडतो, आणि ज्यांना दोन्ही एकाच वेळी हवे आहे त्यांनी निदान कायमचा कारागीर नेमण्याइतका निधी उभारून द्यावा.

गेल्या वर्षाच्या अखेरीस समितीने तिकाटणे, म्हणजे तीन पायांचा आधार, व साखळी लावून आमचा पालथा दगड उलटवला आणि चुन्यात पुन्हा उभा केला. त्यावर आजीच्या बहिणीचे नाव व दोन तारखा आहेत. प्लॉटच्या वहीत मात्र त्या जागेवर दोन दफने लिहिलेली आहेत. दुसऱ्या ओळीत नावाच्या जागी केवळ 'मुलगी' असा शब्द आणि 'वय 11 दिवस' एवढीच नोंद आहे. घरात हे कोणालाही माहीत नव्हते. मी त्या पानाची प्रत मागितली तेव्हा नोंदी सांभाळणाऱ्या गृहस्थांनी वही मला नेऊ दिली नाही; खिडकीपाशी उजेडात धरून त्यांनी पानाचे छायाचित्र घेऊ दिले आणि मग, आता सुरुवात झालीच आहे तर, म्हणून पुढचे पान उलटले. त्यानंतर दर आठवड्याच्या त्या दोन तासांत आम्ही वह्यांची छायाचित्रे घेत आहोत. पहिली वही पूर्ण झाली आहे. दुसरीची शिवण उसवलेली असल्याने बांधणीचे जाणकार मिळेपर्यंत ती तशीच ठेवली आहे, मात्र कपाट ओलीच्या भिंतीपासून हलवले आहे.