रोममधली पायी सहल: खर्च कुणाच्या खात्यावर?

नगरपरिषदेच्या लेखा शाखेत ३१ वर्षं काढली. त्यामुळे 'प्राचीन रोमची सार्वजनिक कामं कुणाच्या पैशातून झाली' अशी तीन तासांची सहल दिसल्यावर लेक म्हणाली, "बाबा, ही तुमचीच." बुकिंगही तिनेच केलं.

कोलोसियमचं तिकीट वेगळं, हे मात्र तिथे गेल्यावर कळलं. आत एका दगडावर पाचव्या शतकातला लेख आहे, आणि त्यातच विखुरलेली भोकं. जुनी ब्राँझची अक्षरं त्यांत बसवलेली होती. नुसत्या भोकांवरून गेझा आल्फल्डी या अभ्यासकाने १९९५ मध्ये मूळ मजकूर जुळवला: युद्धातल्या लुटीतून बांधलं. लूट बहुधा इ.स. ७० मध्ये पाडलेल्या जेरुसलेमची.

पण पैसे वसूल झाले ते पोर्ता माज्जोरेला. जलवाहिनी वाहून नेणारी ही कमान, वर एकाखाली एक तीन लेख. तिन्ही सम्राटांचे. पहिला क्लॉडियसचा, इ.स. ५२: पाणी 'स्वखर्चाने' आणलं. दुसरा व्हेस्पेशियनचा, ७१: नऊ वर्षं बंद पडलेलं पाणी 'स्वखर्चाने' सुरू केलं. तिसरा टायटसचा, ८१: पुन्हा दुरुस्ती, पुन्हा 'स्वखर्चाने', आणि कारण काय, तर बांधकाम जुनं होऊन ढासळलं. २९ वर्षांत! असली टिपणी माझ्या टेबलावर आली असती तर शेरा मारून परत पाठवली असती.

मी विचारलं, स्वखर्च म्हणजे कुठलं खातं? गाइड पोरगा हुशार. म्हणाला, सरकारी तिजोरी शनिदेवाच्या मंदिरात, सम्राटाचा पैसा वेगळा. पण ही वेगळेपणाची रेघ पुसट होत गेली. फ्रंटिनस नावाच्या पाणीखात्याच्या प्रमुखाने लिहून ठेवलंय, की पाणीहक्काचं वर्षाला जवळपास अडीच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) उत्पन्न सम्राट डोमिशियनच्या खिशात जात होतं, ते नंतरच्या सम्राट नर्व्हाने जनतेला परत दिलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

गाइडचा आवाज ऐकवणारं कानातलं यंत्र खरखरत होतं. बाजूने ट्राम गेली की अर्धं वाक्य गुल. आणि कमानीला खेटूनच युरिसॅसिस या पाववाल्याची कबर आहे. लेखात तो स्वतःला चक्क ठेकेदार म्हणवतो. तिथे जेमतेम दोन मिनिटं दिली. ठेकेदाराला दोन मिनिटं? दुसऱ्या दिवशी मी एकटाच ट्रामने परत गेलो.

पाचपैकी चार.