बायोसकडून यूईएफआयकडे : सेवा केंद्रातील तीन संगणकांचा नऊ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी अकरा वर्षांपासून सेवा केंद्र चालवतो. सातबाऱ्याच्या नकला, उत्पन्नाचे व जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा आणि शेतकरी ओळखपत्राची नोंदणी ही सगळी कामे तीन संगणकांवर चालतात. त्यांतला एक जरी सकाळी सुरू झाला नाही, तरी शेतातले काम सोडून आलेल्या माणसाचा रोज बुडतो. म्हणून संगणक सुरू होण्याच्या क्षणी आत नेमके काय घडते, याकडे मी कधी दुर्लक्ष केले नाही. बटण दाबताच चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला जो प्रोग्रॅम विंडोज उघडून देतो त्याला फर्मवेअर म्हणतात; बायोस ही त्याची जुनी पद्धत आणि यूईएफआय नवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी हे तिन्ही संगणक जुन्या बायोस पद्धतीवरून यूईएफआय पद्धतीवर नेण्याचे काम हाती घेतले. दोघांचे जमले, एकाचे जमणार नव्हते. त्यानंतर विदर्भाचा उन्हाळा, मृगाच्या विजा आणि पीक विम्याच्या मुदतीची गर्दी हे सगळे या संगणकांनी पाहिले आहे, त्यामुळे आता या बदलाबद्दल जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण मीही तो बाळगून होतो. यूईएफआयवर जायचे म्हणजे मदरबोर्डवरची चिप बदलायची, असे आमच्याकडे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर यूईएफआय आलेलेच असते. संगणक जोडून देणाऱ्याने सवयीने विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेले असते, आणि बोर्डावरचे नवे फर्मवेअर सीएसएम नावाच्या सोयीच्या आधारे जुन्या बायोसचे सोंग घेऊन चालत राहते. स्टार्टच्या शोधखिडकीत एमएसइन्फो३२ लिहून एंटर दाबले की 'बायोस मोड' या ओळीपुढे 'लेगसी' आहे की 'यूईएफआय' ते दिसते. माझ्याकडे तिन्ही ठिकाणी लेगसी होते. त्यांपैकी दोन संगणकांत नवी पद्धत खरेदीच्या दिवसापासून नुसती पडून होती, हे पाहून मला मनापासून हळहळ वाटली.

बायोसची घडण १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळातली. तो प्रोसेसरला १६ बिटच्या अवस्थेत चालवतो, त्याला सुरुवातीला जेमतेम १ एमबी स्मृती दिसते, आणि डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यावर त्याची सारी मदार असते. या तुकड्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट विभाजनांच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात, म्हणून प्राथमिक विभाजने चारच, आणि नेहमीच्या डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा या तक्त्याला मोजताच येत नाही. यूईएफआयचे मूळ इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी १९९० च्या दशकात केलेल्या कामात आहे. २००५ मध्ये ते अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे आले. त्याच्याबरोबर येणाऱ्या जीपीटी तक्त्यात विंडोजवर १२८ विभाजने करता येतात, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पहिली प्रत बिघडली तर ते तपासणी-बेरजेवरून ओळखता येते आणि दुसऱ्या प्रतीवरून तक्ता परत उभा करता येतो. जिथे चालू कामात दिवसातून तीनदा लाईन जाते, तिथे ही सोय महत्त्वाची आहे.

पहिला संगणक २०१० च्या सुमाराचा, जी३१ चिपसेटचा. त्यात यूईएफआय नाहीच, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. त्यावर मी लिनक्स टाकले. लिनक्सच्या बहुतेक तयार आवृत्त्या आजही बायोसवरून सुरू होतात. तो आता स्कॅनिंग आणि छपाईला आहे, आणि त्या कामाला पुरेसा आहे.

दुसरा संगणक एच८१ बोर्डाचा, चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा, २०१४ मध्ये घेतलेला. त्यावर मूळचे विंडोज ७ होते, पुढे विंडोज १० झाले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच दिले आहे. ते डिस्कवरचा मजकूर न पुसता जुना तक्ता जीपीटीमध्ये बदलते. मी ते आधी केवळ तपासणीच्या पर्यायासह चालवले आणि ते पहिल्याच पायरीवर 'व्हॅलिडेशन फेल्ड' म्हणून थांबले. कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. आपल्याकडे संगणक जोडून देणारे सी, डी, ई अशी तीन-चार ड्राइव्ह पाडून देतात. त्यांत विंडोजचे स्वतःचे एक लहान आरक्षित विभाजन धरले की चारची मर्यादा भरते, आणि शेवटचे ड्राइव्ह एक्स्टेंडेड विभाजनाच्या पोटात जाते. या साधनाला जुन्या तक्त्यात जास्तीत जास्त तीन प्राथमिक विभाजने चालतात आणि एक्स्टेंडेड विभाजन अजिबात चालत नाही. ई ड्राइव्हमध्ये अकरा वर्षांचे स्कॅन केलेले कागद होते. ते मी बाहेरच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवले, दोन्हींवरच्या फाइली उघडून पाहिल्या, आणि मगच ते ड्राइव्ह व त्याला पोटात धरणारे एक्स्टेंडेड विभाजन काढले. दुसऱ्यांदा तपासणी निर्वेध झाली, बदलाला मिनिटभरही लागले नाही, आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन लेगसीऐवजी यूईएफआय निवडल्यावर विंडोज जसेच्या तसे उघडले. बदलानंतर विंडोजची दुरुस्ती-व्यवस्था बंद पडली होती, ती रीएजंटसी या आज्ञेने पुन्हा चालू करावी लागली. ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते आणि अडचणीच्या दिवशीच कळते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

तिसरा संगणक एच३१० बोर्डाचा, आठव्या पिढीच्या आय३चा. विंडोज ११ साठी यूईएफआय, सिक्युअर बूटची (सुरुवातीला डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम चालू न देणाऱ्या सोयीची) क्षमता आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-व्यवस्था) लागते. हे तिन्ही या संगणकात होते, पण वापरात नव्हते. याच्या बोर्डाचे फर्मवेअर फार जुने असल्याने आधी ते अद्ययावत केले, आणि सगळ्या कामात मला भीती वाटली ती याच टप्प्याची, कारण चिपवर लिहिणे सुरू असताना वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. यूपीएस रात्रभर चार्ज करून ठेवला, त्यावर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर ठेवला, आणि पहाटे साडेपाचला काम सुरू केले. बोर्डावर छापलेले मॉडेल आणि त्याखालचा आवृत्ती क्रमांक बॅटरीच्या उजेडात दोनदा वाचून घेतला, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या फाइली वेगळ्या असू शकतात. पट्टी पूर्ण भरेपर्यंतची ती चार मिनिटे मी खुर्चीवरून हललो नाही. अद्ययावत केल्यावर सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला जातात, त्यामुळे हे काम डिस्कचा तक्ता बदलण्याच्या आधीच करावे, नंतर नव्हे.

वेगाबद्दल स्पष्ट सांगतो. बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंतचा वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे एच८१ वर १५ सेकंदांवरून ९ वर आला, एच३१० वर फरक याहून कमी आहे. संगणक पटकन सुरू व्हावा एवढीच अपेक्षा असेल तर पैसा एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर) घालावा; तिथे दोन मिनिटांची वीस सेकंदे होतात.

आता जूनमधली घटना. मृगाच्या पहिल्या पावसात आमच्याकडे विजा फार चमकतात, म्हणून रात्री मी सगळ्या पिना सॉकेटमधून काढून ठेवतो. सकाळी एच८१ चा संगणक लावला तर काळ्या पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडण्याची सूचना आली. मला वाटले, डिस्क गेली. समोर पेरणीच्या गडबडीतून वेळ काढून आलेले एक काका उभे होते, ते म्हणाले, "काहून हो भाऊ, आज बंदच हाये काय?" मी त्यांचे काम दुसऱ्या संगणकावर करून दिले आणि मग बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेलो. डिस्कचे नाव यादीत व्यवस्थित दिसत होते, पण तारीख कितीतरी वर्षे मागची होती. त्या तारखेवरून उलगडा झाला. बोर्डावरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची गोल बॅटरी संपली होती. मीटर लावला तर २.४ व्होल्ट दाखवले. पिन सॉकेटमध्ये असते तोवर बोर्डाला बंद अवस्थेतही थोडा विद्युतपुरवठा मिळत राहतो, म्हणून दुबळी बॅटरी लक्षात येत नाही. पिन काढली की सगळा भार तिच्यावर पडतो. रात्रीत सेटिंग पुसली गेली, या बोर्डाची मूळ सेटिंग लेगसी आहे, आणि लेगसी पद्धतीला आता जीपीटी डिस्कवरून सुरुवात करता येत नव्हती. यूईएफआय पुन्हा निवडले, तारीख नीट केली, चाळीस रुपयांची बॅटरी बसवली आणि काम सुरू झाले. तारीख नीट करणे विसरू नये, कारण ती मागची राहिली तर सरकारी संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला चुकीची वाटतात आणि एकही पोर्टल उघडत नाही.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला. जुन्या पद्धतीवर असतानाही ही बॅटरी केव्हातरी संपलीच असती, पण तेव्हा घड्याळ चुकण्यापलीकडे काही झाले नसते, कारण मूळ सेटिंग आणि वापरातली सेटिंग एकच होती. मूळ सेटिंग लेगसी असलेल्या बोर्डावर यूईएफआयवर आल्यावर बॅटरीवरचे अवलंबन वाढते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या आमच्या भागात हा या बदलाचा खरा तोटा आहे. पाच वर्षांहून जुना संगणक असेल तर आधी बॅटरी बदलावी आणि मगच बाकीचे हाती घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

त्याच आठवड्यात मी एच३१० ची बॅटरीही बदलली. सेटिंग अर्थातच पुसल्या गेल्या, टीपीएम बंद झाले, आणि विंडोज ११ ने लॉगिनचा पिन क्रमांक वापरता येणार नाही असे सांगितले. सेटिंगमध्ये पीटीटी (इंटेलचे अंगभूत टीपीएम) पुन्हा चालू केल्यावर तोच पिन क्रमांक चालला. या संगणकावर ड्राइव्हचे एन्क्रिप्शन बंद होते; ते चालू असते तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली असती. ज्यांचे चालू आहे त्यांनी ती की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

सिक्युअर बूटमुळे एकच अडचण आली. आमच्या जुन्या अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर कोणीतरी विंडोजला टेस्ट मोडमध्ये (सही नसलेले ड्रायव्हर चालू देणाऱ्या अवस्थेत) ठेवून बसवला होता; पडद्याच्या कोपऱ्यात ती अक्षरे कित्येक वर्षे दिसत होती आणि त्यांचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. सिक्युअर बूट चालू असताना तो मोड लावता येत नाही. निर्मात्याचा सही असलेला नवा ड्रायव्हर टाकल्यावर यंत्र चालू झाले. मला ही अडचण उलट उपकारक वाटते. लोकांचे आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे ज्या संगणकावरून जातात, त्यावर सही नसलेला ड्रायव्हर इतकी वर्षे चालत होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र तयारी ठेवावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्ती करणाऱ्याकडे एका परिचिताचा यूईएफआयवरचा संगणक नेला, तेव्हा त्याचा जुना पेनड्राइव्ह सुरू होईना, म्हणून त्याने सीएसएम चालू करून सगळी डिस्क पुसली आणि विंडोज पुन्हा लेगसी पद्धतीने टाकून दिले. त्या माणसाचे मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद त्यात गेले. यूईएफआयसाठी पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा लागतो, आणि त्या प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून मोठी इन्स्टॉल फाइल तशीच उतरवली तर काम अडते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनाने पेनड्राइव्ह केला तर हा प्रश्न येत नाही. मी असा एक पेनड्राइव्ह तयार करून संगणकाच्याच कॅबिनेटला पाकिटात चिकटवून ठेवला आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एच८१ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून यूईएफआय असूनही तो तिथेच थांबला. त्यासाठी मी एक वर्षाची वाढीव सुरक्षा अद्यतने घेतली आहेत, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. एच३१० विंडोज ११ वर सुरळीत चालतो आहे. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि नवी प्रमाणपत्रे विंडोज अद्यतनांतून येत आहेत, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर अद्यतने अडवून ठेवू नयेत. गावातले इंटरनेट मंद असल्याने मी ती रविवारी रात्री उतरवून घेतो, आणि दोन्ही कॅबिनेटवर बॅटरी बदलल्याची तारीख शाईने लिहिली आहे : जून २०२५.