ऑटिझममधलं पीजी: बाहेरचं ऑनलाइन की आरसीआयचं एम.एड.?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या दोन शिक्षिकांनी एकाच आठवड्यात हे विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी साधा बी.एड., मराठी शाळेत शिकवतो. आधी इंग्लंडमधलं ऑनलाइन पीजी सर्टिफिकेट केलं, नंतर इकडची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, स्पेशल शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था) रेग्युलर वाट धरली, त्यामुळं दोन्हीकडचं थोडंफार माहीत आहे.

ऑनलाइनचं पहिलं सुख म्हणजे साध्या बी.एड.वर प्रवेश मिळाला आणि नोकरी सोडावी लागली नाही. बर्मिंगहमसारख्या ठिकाणी ऑटिझम हा स्वतंत्र विषय म्हणून दूरस्थ शिकवतात, ६० क्रेडिट झाले की सर्टिफिकेट, १८० झाले की मास्टर्स, म्हणजे मध्येच थांबलं तरी हातात काहीतरी राहतं. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेदहा आणि थंडीत साडेअकरा, ते जागरण आलंच. पण वाचायला मिळालं ते खरंच डोळे उघडणारं. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश संशोधक स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की एकमेकांना समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या मुलाची नसते. त्यानंतर माझं वर्गातलं बोलणंच बदललं.

आणि भाषेचं. आपल्याकडं पोर घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत दोन्ही आणि मोबाइलवर इंग्लिश राइम्स. कुठंही दाखवायला नेलं की 'एकच भाषा बोला' असं सांगतात, आणि मग कन्नड बोलणाऱ्या आजीनं नातवाशी बोलणंच थांबवलेलं मी बघितलंय. दोन भाषांमुळं ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे मी असाइनमेंटसाठी वाचलं आणि त्या रविवारी जाऊन आजीला सांगून आलो. इकडच्या कोर्समध्ये या विषयावर फारसं काही मिळालं नाही, प्रॅक्टिकल मोठ्या शहरात आणि सगळं हिंदी-इंग्रजीत.

तरीपण...

एका आईनं मुलाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी माझ्याकडून रिपोर्ट लिहून घेतला. दोन वर्षं त्या मुलाबरोबर बसलेलो, जीव ओतून चार पानं लिहिली. फॉर्मच्या खाली चौकट होती, सही आणि सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयकडचा नोंदणी क्रमांक. माझ्याकडं नंबर नाही, कागद परत आला. बाहेरच्या सर्टिफिकेटवर तो मिळत नाही, आणि १९९२ च्या आरसीआय कायद्यानं नंबर नसला की स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करता येत नाही. मुलाला कधी न बघितलेल्या माणसाच्या सहीसाठी ती बाई मजुरी बुडवून हुबळीला दोनदा गेली. ते मला सहन झालं नाही, तिथंच ठरलं.

आता आरसीआयची वाट सोपी आहे असं नाही. नुसत्या साध्या बी.एड.वर स्पेशलचं एम.एड. मिळत नाही, आधी दोन वर्षांचं स्पेशल बी.एड. किंवा आरसीआयचा डिप्लोमा लागतो, मग एम.एड.ची दोन वर्षं. बिनपगारी रजा, हॉस्टेल, घरच्यांची ओढाताण, हे सगळं झालं. पण तिथं कुणीतरी मागं उभं राहून आपल्याला मुलाबरोबर काम करताना बघतं, चुकलं की तिथल्या तिथं थांबवतं. ऑनलाइनला माझे निबंध तपासले गेले, मला मुलाबरोबर कुणी बघितलंच नाही. शिवाय आयसा, म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी, इथंच नीट वाचायला शिकलो, ४० मुद्दे, ७० गुणांपासून पुढं ऑटिझम. अपंगत्वाचा दाखला त्यावर ठरतो, आणि आईबाप आपल्याकडं येतात ते तोच कागद घेऊन.

ज्यांच्याकडं आधीच नंबर आहे किंवा जे स्वतःच्या मुलासाठी शिकतायत, त्यांनी ऑनलाइन जरूर करावं, कदाचित जास्तच आवडेल. पण शाळेत राहून हेच काम करायचं असेल तर मला वाटतं आधी नंबर घ्या, बाकीचं नंतर वाचता येतं. महिलांना मुंबईत एसएनडीटी आहे, सिकंदराबादला एनआयईपीआयडी ही राष्ट्रीय संस्था आहे, मात्र तिथला भर बौद्धिक अक्षमतेवर. ऑटिझमचं वेगळं स्पेशलायझेशन सगळीकडं नसतं, म्हणून फी भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव, विषय आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते तिन्ही बघा.