मेपल ग्रोव्ह रेसवे: पिट मोकळं, सुपर गॅसची रांग आखूड

गाड्यांचं वेड असलेल्या न्यू जर्सीकरांनी एडिसनहून दोनेक तास गाडी हाणून पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळच्या मेपल ग्रोव्हला जावंच. १९६२ पासूनची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीची पट्टी, आजूबाजूला झाडी. पण नायट्रो इंधनावरच्या व्यावसायिक गाड्यांच्या मोठ्या शर्यतीला नको, हौशी लोकांच्या डिव्हिजनल म्हणजे विभागीय शर्यतीला जा. धक्काबुक्की नाही, पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारात, निवांत फिरा. बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या काकांना काहीही विचारा, हातातला पाना खाली ठेवून सांगतात.

मी सुपर गॅस या वर्गाच्या शर्यतींपाशी ठाण मांडलं. पाव मैल ९.९० सेकंदांत कापायचा. त्याहून लवकर पोचलात तर सहसा बाद. सुरुवातीच्या खांबावरचे तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात, ०.४ सेकंदानं हिरवा. गाडी सुसाट सुटते, मग मध्येच आवाज बसतो, आणि पुन्हा किंचाळत निघते. बिघाड नव्हे, थ्रॉटल स्टॉप! ताकद गरजेपेक्षा जास्त, म्हणून टायमर लावून तिला मुद्दाम थोपवतात. माझ्यामागची पोरं मात्र ‘गेली वाटतं इंजिनं’ म्हणून हसत होती.

गोम इथेच आहे. इंजिन, ट्रेलर, डिझेल एवढा खर्च करायचा आणि बघणाऱ्याला वाटणार गाडी बंद पडली. त्यात टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही विजेवरची गाडी शोरूममधून निघून ९.९० च्या आत पाव मैल मारते, तीही आवाज न करता. (मला नाही आवडत. आवाज हवाच.)

पिटमधले एक काका म्हणाले, ‘याच गाडीनं ब्रॅकेट खेळलो तर बक्षीस जास्त.’ पटलं. ब्रॅकेटमध्ये आपला वेळ आपणच काचेवर लिहायचा, हळू गाडीला आधी सोडतात, त्यामुळे जुनी शेव्हरोले नोव्हासुद्धा खास शर्यतीसाठी बनवलेल्या लांबुळक्या ड्रॅगस्टरला हरवू शकते. १९९६ ला मिलियन डॉलर रेस सुरू झाली, तेव्हापासून मोठ्या रकमेच्या ब्रॅकेट शर्यतींची चटक लागलीय. सुपर गॅस आणि तसाच ठरलेल्या वेळेचा दुसरा वर्ग सुपर स्ट्रीट, यांना मग कोण उरणार? शिवाय आपल्या न्यू जर्सीतल्या स्ट्रिपपैकी इंग्लिशटाउनचं ड्रॅग रेसिंग २०१८ ला थांबलं, अ‍ॅटको २०२३ ला बंद झालं. रोजची गाडी घेऊन शनिवारी सहज एक फेरी मारून बघणारा नवखा पोरगा अशाच जवळच्या स्ट्रिपवर तयार व्हायचा. दोन तास लांब तो कशाला येईल?

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा मेपल ग्रोव्हच्या खात्यावर धरू नका, तो सुपर गॅसच्या आखूड रांगेचा. कानांत घालायला बोळे आणि घडीची खुर्ची न्या. आणि सकाळीच पोचा. आम्ही गेलो तेव्हा सुपर स्ट्रीटच्या फेऱ्या जेवणाआधीच उरकल्या होत्या.