लिब्रेऑफिस रायटर: फॉन्ट बदलला की ओळींचं काय होतं? (काही महिन्यांच्या वापरानंतर)

मराठी मजकुराचं लांबलचक काम गेले काही महिने मी रायटरमध्येच, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डसारख्या लेखन-सॉफ्टवेअरमध्येच, करतोय. एका बाबतीत मत पक्कं झालंय: ओळींमधलं अंतर टक्क्यांत ठेवलंत, तर फॉन्ट बदलताना मांडणी पुन्हा करायची तयारी ठेवा.

'सिंगल' (ओळींमधल्या अंतराचा साधा, १०० टक्क्यांचा पर्याय) म्हणजे काहीतरी ठरलेलं अंतर, असं वाटतं. प्रत्यक्षात ते फॉन्टच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. टाइम्स न्यू रोमनची ओळ १२ पॉइंटला साधारण १३.८ पॉइंट उंच होते. मुक्तासारख्या देवनागरी फॉन्टची त्याच आकारात दीडपटीच्या पुढे जाते, कारण 'र्कीं'मधली वेलांटी, रफार, अनुस्वार वर मावायला हवेत आणि 'ट्ठू'सारखी उभी जोडाक्षरं खाली. त्यावर आणखी ११५ टक्के लावले ('बॉडी टेक्स्ट' शैलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तयार मांडणीत, ते मुळातच असतात) की मजकूर विरळ दिसतो आणि पानं उगाच वाढतात.

खरा ताप मिश्र फॉन्टचा. कुठून तरी आणून चिकटवलेला एखादा शब्द वेगळ्या फॉन्टमध्ये राहिला, की तेवढीच ओळ फुगते. ओळीची उंची तिच्यातला सर्वांत उंच फॉन्ट ठरवतो. कधी तर शब्दही नसतो, नुसती एक स्पेस असते! ती शोधत बसण्यापेक्षा परिच्छेद निवडून कंट्रोल-एम दाबावं, म्हणजे वरून लावलेले फॉन्ट वगैरे सगळे बदल पुसले जातात. हाताने केलेलं ठळक-तिरकंही त्यात उडतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

यावर 'फिक्स्ड' हा पर्याय हुकमी वाटतो. आकडा द्या, फॉन्ट कुठलाही असो, ओळ तेवढीच. पण रोमन लिपीच्या सवयीने १२ पॉइंटच्या अक्षराला १४ चा आकडा दिलात, तर वेलांट्या कापल्या जातात किंवा वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात. देवनागरीला १८ ते २० दिले की वाचताना डोळ्यांना बरं वाटतं. ओळीत बसवलेली चित्रं असतील, तर त्या परिच्छेदांना 'फिक्स्ड' नकोच. तिथे 'अ‍ॅट लीस्ट': किमान उंची तुमची, गरज पडली तर ओळ वाढते. मी आता बहुतेक ठिकाणी हेच वापरतो.

हे सगळं निवडलेल्या मजकुरावर नाही, शैलीत करायचं. एफ-११ दाबा, शैलीवर राइट क्लिक करून ती बदला. अख्खा दस्तऐवज एका फटक्यात सुधारतो. तिथेच देवनागरीचा फॉन्ट वेगळ्या खान्यात निवडावा लागतो. पाश्चात्त्य लिपीच्या खान्यात मुक्ता टाकूनही मराठी अक्षरं जागची हलत नाहीत आणि नवखा माणूस इथेच वैतागतो. हा खाना दिसत नसेल, तर भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिपींसाठीची सोय) चालू करा.

'लीडिंग' हा आणखी एक पर्याय छान आहे, दोन ओळींमध्ये नेमकी किती जागा सोडायची ते सांगता येतं. पण वर्डमध्ये त्याच्या जोडीचा पर्याय नाही, त्यामुळे डॉकएक्स (वर्डचा फाइल प्रकार) करून पाठवायच्या फाइलींत मी तो टाळतो.